कोंड्यावरची बुरशी : अन्नउद्योगातील विकरांची जडणघडण

सजीव पेशींत तयार होणारे आणि स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग कित्येक पटींनी वाढवणारे प्रथिन म्हणजे विकर. विकरांचा इतिहास बहुतेक ग्रंथांत फ्रान्सपासून सुरू होतो, कारण १८३३ साली आन्सेल्म पायें आणि झाँ-फ्रान्स्वा पेर्सो या दोन रसायनज्ञांनी मोड आलेल्या बार्लीच्या अर्कात अल्कोहोल घालून एक पांढरा साका मिळवला, तो स्टार्चचे विघटन करून साखर बनवतो हे दाखवले आणि त्याला डायस्टेस असे नाव दिले. पुढे १८९७ साली एडुआर्ट बुकनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखरेचे किण्वन होते हे सिद्ध केले, आणि किण्वनाला जिवंत पेशी लागतेच हा समज मोडीत निघाला. ज्ञानाचा इतिहास म्हणून हा क्रम योग्यच आहे. मात्र विकर मोठ्या प्रमाणावर तयार करण्याच्या विद्येचा, म्हणजे आज ज्याला जैवप्रक्रिया अभियांत्रिकी म्हणतात त्या शास्त्राचा माग काढायचा, तर जपानमधील साके हे तांदळाचे मद्य बनवणाऱ्यांच्या कोजीच्या, म्हणजे बुरशी चढवलेल्या तांदळाच्या, खोलीत शिरावे लागते; कारण या उद्योगाला अखेरपर्यंत छळणारा प्रश्न, बुरशीला ओल, ऊब आणि हवा यांचा नेमका मेळ कसा घालून द्यावा हा, तेथे शतकानुशतके हातांनी सोडवला जात होता.

भातापासून मद्य करायचे तर आधी तांदळातील स्टार्चची साखर व्हावी लागते, कारण यीस्टला स्टार्च पचत नाही. युरोपात हे काम मोड आलेल्या धान्यातील विकरे करत, तर जपानमध्ये ते ॲस्परजिलस ओरायझी नावाच्या बुरशीकडे सोपवलेले होते. तांदूळ पाण्यात शिजवण्याऐवजी वाफवला जाई, जेणेकरून दाणा बाहेरून कोरडा व घट्ट आणि आतून मऊ राहावा. तो कोमट झाल्यावर त्यावर बुरशीचे बीजाणू भुरभुरले जात आणि मग तो उबदार, बंदिस्त खोलीत लाकडी तबकांमध्ये पसरला जाई. ओल आत असल्यामुळे बुरशीचे तंतू दाण्याच्या गाभ्याकडे वळत आणि स्टार्च फोडणारी विकरे सोडत. वाढत्या बुरशीची स्वतःची उष्णता एवढी असते की तबके तशीच ठेवली तर ती स्वतःच्याच तापाने मरते. म्हणून सुमारे दोन दिवस, रात्रीसुद्धा, दाणे उलथणे, त्यांचे ढीग करणे किंवा ते पातळ पसरणे, तबकांच्या जागा बदलणे हे काम अखंड चाले. तापमान चाळीस अंशांच्या आसपास रोखून धरण्याचे हे कसब तापमापकाशिवाय, तळहाताच्या अंदाजाने साधले जाई.

हे कसब किती मोलाचे होते ते क्योतोच्या मध्ययुगीन इतिहासातून कळते. कितानो देवस्थानाच्या आश्रयाखालील कोजी उत्पादकांच्या संघाला शहरात कोजी बनवण्याची मक्तेदारी होती. १४१९ साली शोगुनच्या सत्तेने ती मान्य करून मद्य बनवणाऱ्यांच्या खासगी कोजीखोल्या पाडायला लावल्या. १४४४ साली याच मक्तेदारीवरून शहरात दंगल उसळली, देवस्थान आगीच्या भक्ष्यस्थानी पडले आणि त्यानंतर मद्य बनवणारे स्वतःची कोजी स्वतःच तयार करू लागले. बीजाणू तयार करून विकणाऱ्यांचा व्यवसाय याच परंपरेत वाढला. ते वाफवलेल्या तांदळात लाकडाची राख मिसळत. राखेच्या क्षारधर्मामुळे बाकीच्या सूक्ष्मजीवांची वाढ दबते आणि हवी ती बुरशी मात्र तग धरते. सूक्ष्मजीव ही संकल्पनाच ठाऊक नसताना शुद्ध बीज राखण्याची ही रीत लोकांनी शोधून काढली, ही गोष्ट तंत्रज्ञानाच्या इतिहासात आजवर मिळाला त्याहून कितीतरी मोठ्या सन्मानाची आहे.

या परंपरेला कारखान्याच्या मापात बसवण्याचा पहिला मोठा प्रयत्न जोकिची ताकामिने यांनी केला. १८५४ साली ताकाओका येथे जन्मलेल्या ताकामिने यांचे वडील वैद्य होते आणि आईचे माहेर साके बनवणाऱ्यांचे. तोक्योत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते पुढील अभ्यासासाठी ग्लासगोला गेले. त्याच काळात तोक्यो विद्यापीठात शिकवणारे आर. डब्ल्यू. ॲटकिन्सन यांनी १८८१ साली साकेच्या रसायनशास्त्रावर ग्रंथ लिहून कोजीच्या कार्याची मोजमापे मांडली होती. १८९० साली ताकामिने अमेरिकेत गेले ते एक व्यावहारिक कल्पना घेऊन. तेथील व्हिस्की उद्योग बार्लीला मोड आणण्यावर अवलंबून होता. ताकामिने यांनी तांदळाऐवजी गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवली. पिठाच्या गिरण्यांतून स्वस्तात मिळणारा हा कोंडा सच्छिद्र असल्याने त्यात हवा खेळते, आणि बुरशीला लागणारी पोषकद्रव्येही त्यात असतात.

इलिनॉय राज्यातील पिओरिया हे तेव्हा अमेरिकेतील मद्यार्क उद्योगाचे मोठे केंद्र होते आणि तेथील व्हिस्की ट्रस्ट या मद्यार्क उत्पादकांच्या संघाने या पद्धतीला आश्रय दिला. मोड आणलेल्या बार्लीवर पोट असलेल्या व्यावसायिकांनी तिला कसून विरोध केला, प्रयोग चाललेली भट्टी जळाली, ताकामिने स्वतः गंभीर आजारी पडले आणि ट्रस्टही कायद्याच्या कचाट्यात सापडून कोसळला. व्हिस्कीचा मार्ग असा बंद झाला, तरी त्यातूनच वेगळे उत्पादन निघाले. कोंड्यावरची बुरशी पाण्यात भिजवून काढलेल्या अर्कात अल्कोहोल घातले की विकर साक्याच्या रूपाने खाली बसते, आणि ते वाळवून भुकटी करता येते. या पद्धतीचे १८९४ सालचे पेटंट हे सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या विकराचे अमेरिकेतील पहिले पेटंट मानले जाते. ती भुकटी डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने ताका-डायस्टेस या नावाने पाचक औषध म्हणून विकली. ताकामिने यांचे नाव आज ॲड्रेनलिनशी जास्त जोडले जाते. अन्नविज्ञानाच्या दृष्टीने मात्र ही भुकटी अधिक दूरगामी ठरली, कारण विकर हा मोजून, बाटलीत भरून, दूरवर पाठवता येणारा माल आहे हे तिने दाखवले.

कोंड्याची तबके वाढवत नेणे फार काळ परवडणारे नव्हते. थर जाड झाला की आतला भाग तापतो, आणि पातळ ठेवला तर जागा व मजूर दोन्ही वाढतात. ताकामिने यांनी त्यावर फिरत्या पिंपाचा उपाय काढला, ज्यात कोंडा घुसळला जाऊन हवा आत खेळते. पुढचा मोठा बदल दुसऱ्या महायुद्धात आला आणि तो, योगायोगाने, पुन्हा पिओरियालाच. तेथील सरकारी कृषी संशोधन प्रयोगशाळेत १९४१ पासून पेनिसिलिन देणारी बुरशी खोल टाक्यांत, द्रव माध्यमात बुडवून वाढवण्याचे काम झाले. मक्याचे दाणे भिजवून उरलेले पाणी हे त्या बुरशीचे खाद्य होते; निर्जंतुक हवा बुडबुड्यांच्या रूपाने सोडायची, फिरत्या पात्यांनी ती सर्वत्र पोहोचवायची आणि टाकीची उष्णता थंड पाण्याने काढून घ्यायची, ही रचना त्यातून पक्की झाली. स्टार्च फोडणारी विकरे देणाऱ्या बुरशा अशाच टाक्यांत वाढवण्याचे प्रयोग याच प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात झाले. कोजीच्या खोलीत रात्रभर जागून हातांनी केले जाणारे काम आता झडपा, पाते आणि थंड पाण्याची नळी करू लागली.

अन्नउद्योगात या विकरांना खरी मोठी मागणी स्टार्चपासून साखर बनवण्याच्या धंद्यातून आली. १८११ साली रशियात किर्खहोफ यांनी स्टार्च आम्लाबरोबर उकळून त्याची साखर करता येते हे दाखवले होते आणि दीडशे वर्षे त्याच पद्धतीने ग्लुकोजचा पाक तयार होत असे. पण आम्लामुळे पाकाला रंग आणि कडवटपणा येई, भांडी झिजत, आणि काही ग्लुकोज नको त्या संयुगांत वाया जाई. स्टार्चच्या साखळीच्या टोकापासून एकेक ग्लुकोज सोडवणारे ग्लुकोॲमायलेज हे विकर १९६० च्या सुमारास जपानमध्ये कारखान्यात वापरले जाऊ लागले, तेव्हा जवळपास संपूर्ण स्टार्चचे ग्लुकोज मिळू लागले. अडचण अशी, की ग्लुकोज उसाच्या साखरेपेक्षा कमी गोड असते, तर त्याच रेणुसूत्राचे फ्रुक्टोज अधिक गोड.

ग्लुकोजचे फ्रुक्टोज करणारे विकर १९५७ साली अमेरिकेत मार्शल व कूई यांनी एका जिवाणूत शोधले, पण त्याला आर्सेनेट हे विषारी संयुग लागत असल्याने ते अन्नासाठी निरुपयोगी होते. जपानमधील योशियुकी ताकासाकी यांना स्ट्रेप्टोमायसीस वर्गातील सूक्ष्मजीवांत आर्सेनेटशिवाय काम करणारे विकर सापडले. त्या जिवाणूंना विकर बनवण्यासाठी सामान्यतः झायलोज ही महागडी साखर पुरवावी लागे. ताकासाकी यांच्या जिवाणूंना ती झायलॅनमधून, म्हणजे कोंड्यातल्या तंतुमय पदार्थातून, स्वतः मिळवता येई, आणि म्हणून या प्रक्रियेचे खाद्यही गव्हाचा कोंडाच ठरला. अमेरिकेतील क्लिंटन कॉर्न प्रोसेसिंग कंपनीने हे तंत्र घेऊन १९६७ साली फ्रुक्टोजयुक्त मक्याचा पाक बाजारात आणला.

विकर पाकात मिसळले की एकदा वापरून वाया जाते, आणि हे विकर महाग होते. त्यावर उपाय म्हणजे स्थिरीकरण, म्हणजे विकर एखाद्या अविद्राव्य पदार्थाला बांधून ठेवणे. नेल्सन आणि ग्रिफिन यांनी १९१६ साली कोळशाच्या पृष्ठभागावर चिकटलेले विकरही काम करते असे नोंदवले होते, पण उद्योगाने त्याकडे अर्धशतक दुर्लक्ष केले. १९६९ साली इचिरो चिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तानाबे सेइयाकू कंपनीत अमिनो आम्ले वेगळी करण्यासाठी बांधलेले विकर प्रथम कारखान्यात वापरले. त्यानंतर उंच स्तंभांत विकराचे दाणे भरून वरून ग्लुकोजचा गरम पाक सोडायचा आणि खालून सुमारे ४२ टक्के फ्रुक्टोज असलेला पाक घ्यायचा, अशी सलग पद्धत रूढ झाली. विकराची एक भरण कित्येक आठवडे चाले.

१९७४ साली जागतिक बाजारात साखरेचे भाव भडकले आणि अमेरिकेत मक्याच्या पाकाला एकदम मागणी आली. १९८४ पर्यंत तेथील दोन्ही बड्या शीतपेय कंपन्या त्याकडे वळल्या. ऊस मुबलक असलेल्या भारतात, आणि सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात तर विशेषच, अशा पाकाची निकड भासली नाही. फ्रुक्टोज बनवणाऱ्या विकराचा अभ्यास मात्र पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सातत्याने झाला. तेथील संशोधकांनी १९९६ साली ‘मायक्रोबायोलॉजिकल रिव्ह्यूज’ या अमेरिकन नियतकालिकात लिहिलेला या विकरावरील विस्तृत आढावा जगभर आधार म्हणून वापरला गेला.

या संपूर्ण साखळीतील एक गुंता अभ्यासकांना दीर्घकाळ खुणावत आला आहे. स्टार्च पातळ करणाऱ्या विकराला स्थिर राहण्यासाठी कॅल्शियम लागते आणि सौम्य आम्लता चालते, ग्लुकोॲमायलेजला त्याहून बरीच जास्त आम्लता हवी असते, तर फ्रुक्टोज बनवणाऱ्या विकराला किंचित अल्कधर्मी माध्यम आणि मॅग्नेशियम लागते, व कॅल्शियमने त्याचे काम मंदावते. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर आम्ल किंवा अल्क घालून आम्लता बदलावी लागते, जमलेले क्षार आयन-विनिमय करणाऱ्या स्तंभांतून काढावे लागतात, आणि मिळालेल्या प्रत्येक किलो पाकामागे खाऱ्या सांडपाण्याचा खर्च उभा राहतो. म्हणूनच आम्ल माध्यमात, ग्लुकोॲमायलेजच्या जोडीने एकाच टाकीत काम करू शकेल असे फ्रुक्टोजचे विकर मिळवण्यासाठी नवे जिवाणू शोधणे आणि जुन्या विकराच्या रेणूतील अमिनो आम्ले बदलून पाहणे, या दोन्ही वाटांनी संशोधन चालत आले आहे.