धर्मोपदेशकाचे घर आणि अकस्मात खर्च : मदतीच्या रचनेचे विवेचन

धर्मोपदेशकाच्या घरावर अचानक खर्च कोसळला, तर तो कोणी भागवावा, किती लवकर भागवावा आणि घेणाऱ्याने तो कोणत्या नात्याने स्वीकारावा, या प्रश्नांचा विचार आपल्याकडे क्वचितच शिस्तीने होतो. प्रसंग आला की चार माणसे धावतात, पैसे गोळा होतात आणि विषय मिटतो. या लेखात त्या प्रश्नाची क्रमाने मांडणी केली आहे. मदतीची रक्कम किती, यापेक्षा ती कोणाच्या हातून आणि कोणत्या व्यवस्थेतून येते, यावर घर सावरणे अवलंबून असते, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. व्याप्ती

ज्याचा चरितार्थ सर्वस्वी धर्मकार्यावर चालतो आणि ज्याच्यावर कुटुंब अवलंबून आहे, तो येथे धर्मोपदेशक. इंग्लंडमधला व्हिकर, स्कॉटलंडमधला मिनिस्टर, नगर जिल्ह्यातल्या मंडळीचे पाळक, नाशिकचे भिक्षुक, गावातल्या मशिदीचे इमाम हे सगळे या व्याख्येत येतात. कॅथलिक धर्मगुरू अविवाहित असल्यामुळे त्यांचा प्रश्न वेगळा आहे. विवेचनाचा मुख्य आधार ब्रिटनचा आहे. तेथे साडेतीनशेहून अधिक वर्षे या एकाच प्रश्नावर निरनिराळे उपाय झाले, आणि त्यांच्या नोंदी आहेत.

अकस्मात खर्चाचे तीन प्रकार करता येतात. पहिला, एकदाच येणारा मोठा खर्च : शस्त्रक्रिया, आग, पूर, घरातला मृत्यू. दुसरा, उत्पन्न एकाएकी थांबणे : आजारपण, पदच्युती, टाळेबंदी. तिसरा, नेहमीचाच खर्च झपाट्याने वाढणे : इंधनाचे दर, शाळेची फी, घरभाडे. तिन्हींचा परिणाम घरात सारखाच दिसतो, पण त्यांचे उपाय सारखे नाहीत.

२. या घराचे वेगळेपण

पगारदार माणसाची नोकरी सुटली तरी त्याचे राहते घर बहुधा टिकते. धर्मोपदेशकाचे उत्पन्न, निवास आणि समाजातले स्थान या तिन्ही गोष्टी एकाच पदाला बांधलेल्या असतात. पद गेले की तिन्ही एकदम जातात. स्टीव्हन्टनचे रेक्टर जॉर्ज ऑस्टिन १८०१ मध्ये निवृत्त होऊन बाथला राहायला गेले, तेव्हा रेक्टरचे घर थोरल्या मुलाच्या, जेम्सच्या ताब्यात गेले. जेम्स तेथे वडिलांच्या जागी काम पाहू लागला होता. २१ जानेवारी १८०५ रोजी जॉर्ज ऑस्टिन वारले आणि पदाचे उत्पन्नही थांबले. त्यांची पत्नी आणि कॅसांड्रा व जेन या दोन मुली मुलांनी दरवर्षी द्यायच्या रकमांवर अवलंबून राहिल्या. त्यांतली जेन पुढे इंग्रजीतली श्रेष्ठ कादंबरीकार ठरली. ऑस्टिन घराण्यात कमावते भाऊ होते, म्हणून निभावले. ज्या घरात असे भाऊ नव्हते, तेथील विधवेला मुलाबाळांसह बिऱ्हाड हलवावे लागे.

दुसरे कारण मोबदल्याच्या स्वरूपात आहे. इंग्लंडच्या चर्चमध्ये पाळकाला मिळते ते निर्वाहवेतन. कामाचे मोल म्हणून ते ठरत नाही; दुसरा व्यवसाय न करता काम करता यावे, एवढाच त्यामागचा हिशेब असतो. त्यातून रोजचे घर चालते, मोठी शिल्लक उरत नाही. राहायला मिळालेले घर प्रशस्त असू शकते, पण ते आपले नसल्यामुळे गहाण ठेवता येत नाही. उलट जुने, थंड, मोठे घर उबदार ठेवण्याचा खर्च मात्र अंगावर पडतो. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये वीज आणि गॅसचे दर भडकले, तेव्हा या घरांना त्याची विशेष झळ बसली.

तिसरे कारण मानसिक आहे. गावातला प्रत्येक जण आपली अडचण ज्याच्याकडे घेऊन येतो, त्याने आपली अडचण कोणाला सांगायची? अँथनी ट्रोलपच्या ‘द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट’ (१८६७) या कादंबरीचे कथानक याच पेचातून उभे राहते. जोसाया क्रॉली हा विद्वान, मानी आणि दरिद्री पाळक कर्जात बुडालेला आहे. डीनची पत्नी त्याला दिल्या जाणाऱ्या पाकिटात २० पौंडांचा एक चेक न सांगता सरकवते. त्याचा स्वाभिमान दुखावू नये, एवढाच तिचा हेतू असतो. चेक कोठून आला हे क्रॉलीला सांगता येत नाही आणि त्याच्यावर चोरीचा आरोप येतो. कथा काल्पनिक असली तरी तिच्यातला बोध व्यवस्थेच्या अभ्यासकाला मोलाचा आहे. गुपचूप आणि नोंदीविना केलेली मदत हेतूने कितीही शुद्ध असली, तरी घेणाऱ्याला धोक्यात घालू शकते.

३. मदतीची तीन साधने

३.१ वर्गणी. क्रॉमवेलच्या राजवटीत राजनिष्ठ आणि बिशपनिष्ठ पाळकांना पदांवरून काढण्यात आले. १६५५ मध्ये लंडनमधले काही व्यापारी आणि पाळक यांनी या विस्थापित कुटुंबांसाठी निधी उभारायचे ठरवले. त्यांतले अनेक जण स्वतः पाळकांचे पुत्र होते, त्यावरून संस्थेला ‘सन्स ऑफ द क्लर्जी’ असे नाव पडले. ८ नोव्हेंबर १६५५ रोजी सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये पहिली उपासना झाली आणि जॉर्ज हॉल यांनी प्रवचन केले. १६७८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने संस्थेला सनद दिली. २०१९ मध्ये तिने ‘क्लर्जी सपोर्ट ट्रस्ट’ हे नाव घेतले. सेंट पॉल्समधली वार्षिक उपासना ही तिची परंपरा आहे.

वर्गणीचे बळ तिच्या तत्परतेत आहे. आज गरज, आज संकलन. तिचा दुबळेपणा असा की सहानुभूती ओसरली की ओघ आटतो, आणि जे संकट डोळ्यांना दिसत नाही त्याला काहीच मिळत नाही. जळालेल्या घरासाठी लोक देतात, मनोविकाराच्या उपचारासाठी देत नाहीत. वर्गणीला सनदेची, विश्वस्तांची आणि ठेवींची जोड मिळाली, म्हणूनच ही संस्था टिकली.

३.२ कायम निधी. पाळकाच्या पहिल्या वर्षाचे उत्पन्न आणि पुढे दरवर्षीचा दहावा हिस्सा पूर्वी पोपकडे जात असे. आठव्या हेन्रीने तो राजाच्या खजिन्याकडे वळवला. १७०४ मध्ये राणी ॲनने ही रक्कम गरीब पाळकपदांचे उत्पन्न वाढवण्यासाठी परत दिली. ‘क्वीन ॲन्स बाउंटी’ या नावाने ती व्यवस्था १९४८ पर्यंत चालली आणि मग चर्च कमिशनर्समध्ये विलीन झाली. तिची पद्धत अशी : अत्यल्प उत्पन्नाच्या पदांतून चिठ्ठ्या टाकून निवड करायची आणि निवडलेल्या पदासाठी २०० पौंड द्यायचे. ही रक्कम खर्चायची नाही. तिच्यातून जमीन घ्यायची आणि त्या जमिनीचे उत्पन्न पाळकाला मिळत राहायचे.

मुळातच उत्पन्न वाढवले तर लहान धक्के घर आपोआप सोसते, या दृष्टीने ही सर्वांत खोलवर जाणारी मदत होती. पण चिठ्ठी कधी निघेल याचा नेम नव्हता, आणि आजच्या वैद्याचे देणे उद्याच्या खंडातून फिटत नाही. कायम निधी दारिद्र्य कमी करतो, आपत्ती निवारत नाही. आपत्तीसाठी त्याच निधीचा काही भाग रोख आणि मोकळा राखावा लागतो.

३.३ विमा. स्कॉटलंडच्या मिनिस्टरांच्या विधवा आणि अनाथ मुलांसाठी १७४४ मध्ये कायद्याने जो निधी स्थापन झाला, तो या क्षेत्रातला सर्वांत बुद्धिमान प्रयोग. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या दोन मिनिस्टरांनी तो रचला आणि एडिंबरो विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक कॉलिन मॅक्लॉरिन यांनी हिशेब तपासला. एडमंड हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या नोंदींवरून मांडलेले आयुर्मानाचे कोष्टक आणि स्कॉटलंडमधूनच जमवलेली माहिती यांच्या आधारे त्यांनी अंदाज बांधला. एका वेळी सुमारे ९३० मिनिस्टर हयात असतील, दरवर्षी २७ वारतील, त्यांतल्या १८ जणांच्या मागे विधवा राहील. या आकड्यांवरून वर्गणीचे दर ठरले. १७६५ मध्ये निधीत ५८,३४८ पौंड असतील, असे त्यांनी गणित केले. प्रत्यक्षात ५८,३४७ पौंड भरले. अमेरिकेतही फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन मिनिस्टरांच्या कुटुंबांसाठी १७५९ मध्ये अशीच संस्था सनदेने स्थापन झाली.

विम्याने मदतीचे नाते बदलले. विधवेच्या हातात पडणारे पैसे तिच्या नवऱ्याने भरलेल्या वर्गणीचे होते. तिला कोणाचे उपकार मानायचे कारण उरले नाही. मर्यादा एवढीच की ज्याची वारंवारता मोजता येते त्याचाच विमा चांगला चालतो. मृत्यू मोजता येतो. पुरात वाहून गेलेले अंथरूण-पांघरूण, मुलीचे दूरच्या शहरातले उपचार, नवऱ्याला सोडून निघालेल्या पाळकपत्नीचे पहिल्या महिन्याचे भाडे यांचे कोष्टक होत नाही.

तात्पर्य, तिन्ही साधने एकमेकांना पूरक आहेत. मोजता येणाऱ्या मोठ्या संकटाला विमा, कायमच्या तुटपुंजेपणाला निधी आणि उरलेल्या सगळ्याला तत्पर अनुदान. यांतले एक गाळले की त्याचा भार दुसऱ्यावर पडतो आणि तेही मोडते.

४. तत्पर अनुदानाचे निकष

पहिला निकष स्वायत्ततेचा. ज्याच्या हाती नेमणूक आणि बदली आहे, त्याच्याच हाती मदत असू नये. बिशपकडे कर्जाची कबुली द्यावी लागली, तर पाळक ती पुढे ढकलतो आणि कर्ज वाढते. क्लर्जी सपोर्ट ट्रस्ट चर्चच्या अधिकारश्रेणीपासून स्वतंत्र आहे, हे तिच्या उपयुक्ततेचे एक मोठे कारण मानावे लागेल.

दुसरा निकष कुटुंबाचा. मदतीचे एकक घर असावे, पदधारक नव्हे. १६४० च्या दशकात पार्लमेंटने ज्या पाळकांना हटवले, त्यांच्या बायकामुलांना पदाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद केली होती. अंमलबजावणीत हयगय झाली, तरी तत्त्व महत्त्वाचे आहे : पुरुष शत्रुपक्षाचा मानला गेला तरी त्याच्या घराचा हक्क मान्य झाला. आजच्या परिस्थितीत विधवा, विभक्त किंवा घटस्फोटित जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले या सर्वांना स्वतःच्या सहीने अर्ज करता आला पाहिजे.

तिसरा, रक्कम परतफेडीची नसावी. ज्याच्याकडे शिल्लकच नाही, त्याला उसने देणे म्हणजे आजचे संकट पुढच्या वर्षात ढकलणे. चौथा, निर्णय दिवसांत व्हावा. महिन्यांनी आलेली मदत सावकाराच्या व्याजात जाते. पाचवा, गोपनीयता आणि नोंद दोन्ही पाळावीत. नाव दोन-तीन विश्वस्तांपलीकडे जाऊ नये, पण रक्कम, तारीख आणि कारण वहीत असलेच पाहिजे. सहावा, एकाच घराचा अर्ज पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो त्या पदाच्या मोबदल्यातल्या दोषाचा पुरावा समजून वरिष्ठांपुढे नावाशिवाय मांडावा.

५. आक्षेप

धर्मसेवा ही त्यागाची वाट आहे, तिथे पैशाची मागणी शोभत नाही, असे म्हटले जाते. त्यागाचे व्रत घेतले असेल तर ते धर्मोपदेशकाने घेतले. त्याच्या आजारी मुलाने घेतलेले नाही. दुसरा आक्षेप असा की ज्यांची सेवा केली, त्या मंडळीनेच मदत करावी, वेगळी संस्था कशाला? मंडळीचे प्रेम खरे असते. पण गावातल्या धनिकाने ज्याच्या मुलाची फी भरली, त्या पाळकाला त्याच धनिकाच्या अन्यायाविरुद्ध बोलणे कठीण जाते. मदत दुरून आणि नियमाने आली, तर धर्मोपदेशकाची वाणी मोकळी राहते. गैरवापराची भीती रास्त आहे. शक्य तेथे रुग्णालयाचे किंवा शाळेचे बिल परस्पर चुकते करणे आणि दरवर्षी हिशेब तपासून घेणे, हा त्यावर पुरेसा उपाय आहे.

६. महाराष्ट्राच्या संदर्भात

अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरला १८३१ मध्ये काम सुरू केले. मिशनच्या काळात पाळकाच्या अडचणीला परदेशी मंडळाचा आधार असे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. आज ही जबाबदारी इथल्याच मंडळ्यांवर आहे. चर्चच्या आवारातल्या घरात राहून निवृत्तीला आलेल्या पाळकाची स्थिती जॉर्ज ऑस्टिन यांच्या कुटुंबापेक्षा फार निराळी नसते.

पुराण सांगून चालणाऱ्या घराची शोकांतिका मराठी वाचकाला ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई तीर्थक्षेत्री पुराणे सांगत फिरत. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात दोघेही उपासमारीने गेले. श्रोते स्वतःच उपाशी असताना दक्षिणा कोठून येणार? ज्या संकटात समाज सापडतो, त्याच संकटात त्याच्यावर जगणारा पुराणिक आधी बुडतो. म्हणून निधीचा पाया एका गावापुरता असू नये. २०२० मध्ये हेच पुन्हा दिसले. राज्यातली प्रार्थनास्थळे मार्चपासून बंद राहिली आणि १६ नोव्हेंबरला दिवाळी पाडव्याला उघडली. २०२१ मध्ये पुन्हा बंद होऊन ती ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडली. दोन्ही वर्षांची लग्नसराई हातची गेली, आणि भिक्षुकाकडे ना पगारपत्रक होते, ना भविष्यनिर्वाह निधी.

काही आधार आज उपलब्ध आहेत. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालयातल्या ठरावीक उपचारांचा खर्च भागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखाव्या लागतात. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या पाळक-पुरोहितांच्या घरांनी हा लाभ संकोच न करता घ्यावा. मात्र बुडालेली मिळकत, प्रवास, घरी आल्यानंतरची औषधे आणि नातलगांचा मुक्काम या योजनांत येत नाही. अनुदाननिधीची खरी जागा तीच आहे.

७. निष्कर्ष

धर्मप्रांत, देवस्थाने, पुरोहित संघ आणि मशिदींचे विश्वस्त यांनी आपापल्या परीने, पण एकाहून अधिक गावे एकत्र घेऊन, असा नोंदणीकृत निधी उभारावा. नेमणूक करणाऱ्यांना त्याच्या वाटपापासून दूर ठेवावे, घरातल्या स्त्रीला अर्जाचा हक्क द्यावा आणि वार्षिक हिशेब नावे वगळून प्रसिद्ध करावा. आपल्या लग्नात, आजारपणात आणि मरणात जो माणूस दारी उभा राहतो, त्याच्या घराची तजवीक त्याच्यावर संकट येण्याआधी करून ठेवणे हे समाजाचे कर्तव्य आहे. वाचकांनी आपल्या मंडळीच्या किंवा देवस्थानाच्या येत्या वार्षिक सभेत हा विषय मांडावा, ही विनंती.