बुधली रिकामी होत गेली

प्राचीन अथेन्समध्ये ऑलिव्हचं तेल जेवणात लागे, दिव्यात लागे आणि अंगाला चोळायलाही लागे. ते हाताशी ठेवायची उभट, एककानी मातीची बुधली म्हणजे लेकिथॉस. मान चिंचोळी, त्यामुळे धार बारीक पडायची. कुणा काटकसरी गृहिणीनं कुंभाराला बसवून सांगितल्यासारखा घाट! इतकी रोजच्या वापरातली, की इ.स.पू. ४०५ च्या 'बेडूक' नाटकात ॲरिस्टोफेनिसनं युरिपिडीसच्या गंभीर ओळींना हरवलेल्या बुधलीचं शेपूट लावून त्यांची टर उडवली.

तिच्यावरच्या चित्रांचा काळा रंग खरं तर रंग नव्हेच. त्याच लोहयुक्त मातीचा निवळून घेतलेला बारीक गाळ चित्रकार कुंचल्यानं लावत. भट्टीत आधी हवा खेळती ठेवली, की सगळं लाल. मग झरोके बुजवून ओली लाकडं सारली, की सगळं काळं. पुन्हा हवा सोडली, की भांडं लाल होई; पण गाळाचा थर तोवर काचेसारखा वितळून बसलेला, तो काळाच राही. एकाच भट्टीत, एकाच मातीचे दोन रंग.

तेल मृतांनाही लागे. इ.स.पू. ५ व्या शतकात अथेन्सच्या थडग्यांवर पांढऱ्या लेपाच्या बुधल्या दिसू लागल्या. त्यांवर थडग्याला फिती बांधायला आलेल्या बायका, मृतांना पैलतीरी नेणारा नावाडी कॅरॉन. यातले बरेच रंग भाजल्यानंतर लावलेले, म्हणून आज पुसट झालेत. रोजच्या हाताळणीत ते टिकलेच नसते. टिकावेत अशी अपेक्षाही नसावी.

यातल्या काही बुधल्यांच्या पोटात मात्र गंमत आहे. मानेखाली आत एक छोटी कुपी बसवलेली, बाकी पोट पोकळ. चार थेंब ओतले, की बुधली काठोकाठ भरल्यासारखी दिसे. मधल्या पोकळीतली गरम हवा कोंडून भट्टीत भांडं फुटू नये म्हणून बाजूला बारीक भोक ठेवत. दुःख खरं असेल, पण तेल महाग होतं.

पुढे थडग्यांवर संगमरवरी लेकिथॉस उभे राहिले, कधी माणसाच्या उंचीचे. आतून भरीव दगड. थेंबभरही तेल मावायचं नाही. तो थाटही इ.स.पू. ३१७ च्या सुमारास सरला. अथेन्सचा कारभारी डेमेट्रियस यानं थडग्यांवरच्या उधळपट्टीला कायद्यानं चाप लावला आणि बुटक्या खांबापलीकडे फारसं काही उभारायची सोय ठेवली नाही.