रेसिडेन्सीची दर्शनी बाजू

साल 1892. परभणीवरून जाणारी रेल्वे यायला अजून आठेक वर्षं आहेत, त्यामुळं बैलगाडीनं हाडं खिळखिळी करत तुम्ही हैदराबादेत पोचलाहात. डोक्यावर काचेच्या प्लेटांची पेटी. पुढं चाललेत ते लाला दीनदयाळ, सहाव्या निजामाचे छायाचित्रकार. मूळचे मेरठकडच्या सरधन्याचे, रुरकीत शिकलेले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी केलेले. इमारत कशी उभी असते हे त्यांना ठाऊक आहे.

तिपाई रोवली जाते. लालाजी खुणेनं बोलावतात. काळं कापड डोक्यावर घेता. आधी नुसता अंधार आणि स्वतःच्याच घामाचा वास. मग दुधी काचेवर ब्रिटिश रेसिडेन्सी उमटते, उलटी. पायऱ्या आभाळात, उंच खांब वरून लोंबकळणारे, आणि दोन्हीकडचे दगडी सिंह पाय वर करून पडलेले. बाहेर आलात की सगळं पुन्हा सरळ, रुबाबदार. प्लेटवरून छापलेला फोटोही असाच रुबाबदार निघणार. दरबारी छायाचित्रकाराकडून दुसरं काय मागायचं?

मान वळवलीत तर अजून नव्वद वर्षं मागं जाता. निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट कर्कपॅट्रिक निजाम अलीसमोर याच वाड्याच्या जागेचा अवाढव्य नकाशा पसरतो. निजाम नकार देतो. मग तोच आराखडा लहानशा कागदावर येतो आणि मंजूर होतो, असं सांगतात. बांधकामाचा पैसा निजामाच्या खजिन्यातला. म्हणजे सारा भरणाऱ्यांचा, तुमच्या खापरपणजोबांचाही.

मागं रंगमहाल, म्हणजे जनानखाना. कर्कपॅट्रिकची बेगम खैरुन्निसा पडद्यात असायची. वाड्याची दर्शनी बाजू तिला बघता येईना. म्हणून तिच्या बागेत त्यानं अख्ख्या वाड्याची छोटी प्रतिकृती बांधून दिली, अशी आख्यायिका आहे. प्रतिकृती मात्र खरीच तिथं आहे. प्रेम म्हणा हवं तर. मला त्यात पडद्याची उंचीच जास्त दिसते. 1805 मध्ये त्यांची दोन्ही लेकरं विलायतेला पाठवली गेली, आणि त्याच वर्षी कर्कपॅट्रिकही वारला.

लालाजींच्या चौकटीत हे काही मावत नाही. परभणीकडची हिंगोली तर नाहीच. तिथल्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटची फौज: हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, खर्च निजामाचा. त्या खर्चाची थकबाकी साचत गेली आणि 1853 च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांकडं गेलं. रेसिडेंटच्या जिन्यावर ते कर्ज कुठं दिसणार?

खिशात काहीतरी थरथरतं. मोबाइल. आजचा दिवस. 1949 मध्ये या वाड्यात महिला कॉलेज आलं. आता इथं महिला विद्यापीठ आहे, वाड्याची डागडुजीही झालीय. सिंहांपुढं सेल्फी सगळेच काढतात. तुम्ही आधी मागं जा, ती प्रतिकृती टिपा. मग परतीच्या गाडीतून परभणीच्या अलीकडंच, पूर्णेला उतरा. तिथून हिंगोलीची गाडी मिळते.