पुढच्या रांगेची कुळकथा

ध्वनीपेक्षा वेगानं उडणाऱ्या कॉन्कॉर्ड विमानात जागा कुठली घ्यावी, याचं जाणत्या प्रवाशांकडे एकच उत्तर असे: पुढच्या केबिनमध्ये. बाहेर बघायचं असेल तर कडेची ए किंवा डी, पाय लांब करायचे असतील तर पहिली रांग. ब्रिटनची राणी १ए वर बसत असे, म्हणून त्या खुर्चीला आणखीच भाव. गंमत म्हणजे या विमानात वर्ग एकच. शंभरच्या शंभर खुर्च्या सारख्याच, जेवणही सारखंच. तरी नेहमीचे प्रवासी पुढच्या रांगांसाठी अडून बसत. एसटीत मागच्या चाकावरची सीट नको, हे आपल्याला जसं कुणी शिकवावं लागत नाही, तसंच ते होतं. फक्त इथे चाकाच्या जागी पंख होता.

तो पंख आधी समजून घ्यायला हवा, कारण पुढचं बरंवाईट सगळं त्याच्या पोटचं आहे.

१४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगरनं बेल एक्स-१ मधून ध्वनीचा वेग ओलांडला. पण ते होतं बॉम्बफेकी विमानाच्या पोटाला लटकवून वर नेलेलं, एका माणसाचं, काही मिनिटांचं रॉकेट. प्रवाशांना तीन तास त्या वेगानं न्यायचं तर वेगळाच आकार हवा होता. तो सापडला फार्नबरोच्या ब्रिटिश सरकारी संशोधनसंस्थेत. युद्धानंतर जर्मनीहून तिथे आलेले डिट्रिख क्युशेमान आणि योहाना वेबर यांनी लांबट, अरुंद त्रिकोणी पंखाचं गणित मांडलं. असा पंख वेगात हवा सहज कापतो, हे माहीत होतं. प्रश्न होता कमी वेगाचा. नाक बऱ्यापैकी वर उचललं, तर पंखाच्या धारेवरून हवेचे भोवरे उठतात आणि तेच भोवरे विमानाला तोलून धरतात, असं त्यांना दिसलं. वेबर यांचं नाव या कथेत बरेचदा गाळलं जातं, ते बरोबर नाही.

१९५६ मध्ये ब्रिटनमध्ये अशा प्रवासी विमानासाठी समिती बसली, २९ नोव्हेंबर १९६२ ला ते मिळून बांधायचा फ्रान्सशी करार झाला. विमानाच्या नावाच्या शेवटी फ्रेंच पद्धतीचा ‘ई’ असावा की नसावा यावरही दोन्ही देशांत रुसवेफुगवे झाले. अखेर १९६७ मध्ये टोनी बेन या ब्रिटिश मंत्र्यानं तो ‘ई’ मान्य केला. २ मार्च १९६९ ला तुलूझहून आंद्रे तुर्का यांनी पहिलं कॉन्कॉर्ड उडवलं.

आता खुर्चीकडे येऊ. पंख सडपातळ म्हटल्यावर धडही सडपातळच. आतली रुंदी जेमतेम २.६ मीटर. मधे वाट, दोन्हीकडे दोन-दोन खुर्च्या, अशा पंचवीस रांगा. दार इतकं बुटकं की उंच माणसाला मान लववूनच आत शिरावं लागे. एवढं तिकीट मोजून आलेल्या माणसाला पहिल्या नजरेत वाटे, हे तर छोट्या गावाला जाणारं विमान! जागेच्या ऐसपैसपणाची अपेक्षा धरून गेलेला हमखास हिरमुसला व्हायचा.

चारही इंजिनं पंखाखाली, मागच्या बाजूला. म्हणून मागच्या केबिनमध्ये घरघर जास्त आणि खिडकीतून खाली डोकावलं तर पांढरा पंखच पंख. पुढे आवाज कमी, खाली समुद्र. पुढच्या रांगांचा मान असा आला.

खिडकी मात्र कुठेही बसा, तळहाताएवढीच. सुरुवातीच्या नमुना विमानांत ती मोठी होती. पण हे विमान साठ हजार फुटांपर्यंत जाणार. तिथे काच फुटली, तर मोठ्या भोकातून हवा क्षणात निघून जाईल. भोक लहान असेल तर वैमानिकाला विमान खाली आणायला अवधी मिळेल. म्हणून खिडकी आक्रसली. त्या इवल्या चौकोनातून दिसायचं ते मात्र एरवी न दिसणारं: वर जांभळट काळं आकाश आणि क्षितिजाला किंचित बाक.

नवख्याची फसगत दोनदा व्हायची. पहिली उड्डाणानंतर. ताशी चारशे किलोमीटरच्या आसपास वेगानं जमीन सोडलेली, पाठ खुर्चीत रुतलेली, आणि मिनिट-सव्वा मिनिटात इंजिनांचा जोर एकदम उतरायचा. पोटात गोळा. काही बिघडलेलं नसे. खालच्या वस्तीला आवाजाचा त्रास नको म्हणून हे करावं लागे, आणि कॅप्टन तसं आधी सांगूनही ठेवी. दुसरी फसगत उलटी. ध्वनीचा वेग ओलांडताना धडाका होईल म्हणून लोक श्वास रोखून बसत, आणि पाठीला दोन हलके धक्के तेवढे जाणवत. ते इंजिनांना जादा जोर देणारे ज्वालक (आफ्टरबर्नर) जोडीजोडीनं पेटल्याचे. स्फोटासारखा आवाज विमानामागून जमिनीवर पसरत जातो, आतल्याला तो ऐकूच येत नाही. समोरच्या भिंतीवर ध्वनीच्या वेगाच्या पटीत दिसणारा आकडा एकाच्या पुढे सरकला एवढंच काय ते. तोच आकडा दोनवर गेला की मिनिटाला छत्तीस किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे साडेतीन मिनिटांत. तेव्हा खिडकीची आतली काच बोटाला गरम लागायची. बाहेर उणे पन्नासच्या खाली तापमान, पण हवेच्या माऱ्यानं विमानाचं नाक १२७ अंशांवर गेलेलं. तापून सगळं विमान पंधरा ते पंचवीस सेंटिमीटर लांबायचं.

लंडनहून सकाळी साडेदहाला निघावं आणि न्यूयॉर्कला तिथल्या घड्याळात साडेनऊच्या आत उतरावं, ही मौज मात्र बाकीच्या जगाच्या नशिबी नव्हती. कारण पुन्हा तोच आवाज. १९७३ मध्ये अमेरिकेनं आपल्या भूमीवरून नागरी विमानांना या वेगानं उडायला बंदी केली. एअर इंडियानंही दोन कॉन्कॉर्डचा हक्क राखून ठेवला होता, जेआरडी टाटा तेव्हा अध्यक्ष होते. ती विमानं आली नाहीत. लंडन-बहारीन-सिंगापूर सेवा १९७७ च्या डिसेंबरात सुरू झाली, मलेशियाच्या हरकतीनं तीन फेऱ्यांतच थांबली. १९७९ ला पुन्हा सुरू झाली, तर भारतानं आपल्या हवाई हद्दीत ध्वनीपल्याडचा वेग नाकारला. मग घाई कसली उरली? १९८० मध्ये तीही बंद झाली. खाली राहणाऱ्यांच्या झोपेपेक्षा वरच्या शंभर जणांचे दोन तास महाग नव्हते, तेव्हा त्या नकाराबद्दल मला खंत वाटत नाही.

ध्वनीपल्याड जाणारं सोव्हिएत प्रवासी विमान तुपोलेव्ह-१४४ कॉन्कॉर्डच्याही आधी, ३१ डिसेंबर १९६८ ला उडालं होतं. मॉस्को ते अल्मा-आता या मार्गावर त्याच्या प्रवासी फेऱ्या झाल्या अवघ्या ५५. आत इतका गोंगाट की तिथे पुढची जागा, मागची जागा हा प्रश्नच फिजूल.

२५ जुलै २००० ला पॅरिसजवळ झालेल्या कॉन्कॉर्डच्या अपघातात ११३ माणसं गेली. २००१ मध्ये कॉन्कॉर्ड परतलं खरं, पण २४ ऑक्टोबर २००३ ला त्यानं शेवटचे प्रवासी उतरवले. सगळ्यांत शेवटी बांधलेलं आणि सगळ्यांत शेवटी उडालेलं कॉन्कॉर्ड ब्रिस्टलजवळ फिल्टनच्या संग्रहालयात आहे. आत जाता येतं. कधी गेलात तर शिरताना डोकं तेवढं सांभाळा.