कव्हरवरचा टारझन, आतला इमारो

आजचा एपिसोड एका पुस्तकाच्या कव्हरबद्दल आहे. कव्हर म्हणजे त्या काळचं थंबनेल. आत काय आहे ते नंतर, आधी क्लिक तर मिळायला हवा.

साल १९८१. न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनाने ‘इमारो’ नावाची कादंबरी छापायला घेतली. लेखक चार्ल्स सॉन्डर्स, जन्म १९४६, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६९मध्ये, तो कॅनडात गेला आणि तिथलाच झाला. हिरो आफ्रिकन योद्धा, लेखकही कृष्णवर्णीय. प्रकाशनाने कव्हरवर काय लिहावं? ही एका ‘काळ्या टारझन’ची महागाथा आहे!

आता यात गंमत काय, किंवा खरं तर दुखणं काय, ते कळायला थोडं मागे जाऊ.

टारझन आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. १९१२ साली एडगर राइस बरोजने तो लिहिला. इंग्रज लॉर्डचा मुलगा, जंगलात वानरांनी वाढवलेला, आणि तोच जंगलाचा राजा. ही गोष्ट चालण्यासाठी आफ्रिका रिकामी असावी लागते. म्हणजे झाडं आहेत, सिंह आहेत, माणसं मात्र नुसती बॅकग्राउंडला. पुढे १९३२मध्ये रॉबर्ट हॉवर्डने कोनान आणला आणि तलवारबाजी अधिक जादूटोणा असा फँटसीचा आख्खा प्रकार जोरात सुरू झाला. तिथेही कृष्णवर्णीय माणसं बहुतेक वेळा रानटी टोळीवाले नाहीतर गुलाम.

सॉन्डर्सची अडचण अशी, की त्याला हॉवर्ड मनापासून आवडायचा. त्या गोष्टींचा वेग, ती लढाई, सगळं. पण वाचताना आपण कुठल्या बाजूला उभे आहोत हेही दिसायचं. अशा वेळी माणूस एक तर वाचन सोडतो किंवा दुर्लक्ष करून वाचत राहतो. सॉन्डर्सने फँटसीतल्या वंशवादावर खणखणीत लेख लिहिले, पण तेवढ्यावर थांबला नाही. त्याने, आपल्या गिटहबच्या भाषेत सांगायचं तर, तो प्रकारच फोर्क केला. साचा तोच, पाया नवीन. १९७०च्या दशकात छोट्या हौशी मासिकांत इमारोच्या कथा येऊ लागल्या. १९७५च्या एका ‘वर्षातल्या उत्तम फँटसी कथा’ संग्रहात त्यातली एक निवडली गेली, आणि पुढे कादंबरीची वाट उघडली.

इमारो ज्या जगात फिरतो त्याचं नाव ‘न्युम्बानी’. हा स्वाहिली शब्द आहे. ‘न्युम्बा’ म्हणजे घर, त्याला ‘नी’ लागला की होतं ‘घरी’. मराठीत आपण ‘घर’चं ‘घरी’ करतो, अगदी तसंच! जगाचं नाव ‘घरी’, आणि हिरोला मात्र घर नाही. गुरं राखणाऱ्या, लढवय्या इल्यासाई जमातीत तो वाढतो. आई त्याच जमातीची, बाप बाहेरचा. म्हणून लोक त्याला बिनबापाचा म्हणून हिणवतात. टारझन परका असूनही राजा होतो. इमारो आपल्याच माणसांत परका ठरतो. आणि ही आफ्रिका भरलेली आहे. नगरं, व्यापारी, समुद्री चाचे, विद्वान, एकमेकांवर दात धरून असलेली राज्यं. म्हणजे कव्हरवरची ओळ नुसती चुकीची नव्हती, पुस्तकाच्या बरोब्बर उलटी होती.

पुढे बरोजच्या वारसांनी टारझन हे नाव वापरायला हरकत घेतली. कव्हर बदलावं लागलं, पुस्तक उशिरा दुकानात पोचलं आणि विक्री बसली. १९८४ आणि ८५मध्ये आणखी दोन भाग आले, मग प्रकाशनाने मालिका बंद केली. इमारोची गोष्ट अर्धवट राहिली.

एक मात्र सांगायला हवं. सुरुवातीच्या इमारोत त्रुटी आहेत. राग, सूड, मारामारी, पुन्हा राग असं चक्र फिरत राहतं. मला त्याची दोसूये जास्त आवडते. ती दाहोमे राज्याच्या खऱ्या स्त्री-सैनिकांवरून सुचलेली, रेड्यावर नाही पण युद्धासाठी तयार केलेल्या बैलावर बसून लढणारी योद्धा. तिची पहिली कथा १९७९ची. याच स्त्री-सैनिकांवरचा ‘द वुमन किंग’ सिनेमा आपण पाहिला २०२२मध्ये. मध्ये किती वर्षं गेली, मोजा.

२००६मध्ये दुसऱ्या प्रकाशनाने ‘इमारो’ पुन्हा काढायचं ठरवलं. २५ वर्षांनी दुसरी संधी! कुणीही असतं तर जुनी फाइल तशीच पाठवली असती. सॉन्डर्सने मात्र एक आख्खं प्रकरण काढून टाकलं. त्याच्या नावातच महाकाय राजे आणि त्यांचे गुलाम होते. मधल्या काळात, १९९४मध्ये, रवांडात सुमारे १०० दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी. उंच तुत्सी राज्यकर्ते, बुटके हुतू प्रजा, ही विभागणी बेल्जियन वसाहतवाल्यांनी उंची-नाकं मोजून आणि ओळखपत्रं वाटून पक्की केली होती. आपली जुनी कथा त्या घटनांच्या फार जवळ जाते, हे सॉन्डर्सला दिसलं. कथा आधी लिहिलेली, कायद्याने कुणी विचारणार नव्हतं. तरी त्याने त्या जागी नवी कथा लिहिली. टारझनवाल्या आफ्रिकेला उत्तर द्यायला बसलेला माणूस खऱ्या आफ्रिकेची बातमी वाचत होता, हे मला त्याच्या कुठल्याही लढाईच्या प्रसंगापेक्षा मोठं वाटतं.

पैसा यातून फारसा आला नाही. हॅलिफॅक्सच्या एका दैनिकात तो नोकरी करायचा. ते २००८मध्ये बंद पडलं. इमारोचा चौथा भाग २००९मध्ये आला, तोही छोट्या, स्वतःच्या बळावर चाललेल्या प्रकाशनातून. २०११मध्ये मिल्टन डेव्हिससोबत त्याने ‘ग्रिओ’ नावाचा संग्रह संपादित केला. त्यात या वाटेने लिहिणारे बरेच लेखक एकत्र आले. तोवर या प्रकाराला नावही पडलं होतं: ‘स्वोर्ड अँड सोल’.

मे २०२०मध्ये सॉन्डर्स गेला. एकटाच राहायचा, त्यामुळे मित्रांना खूप उशिरा कळलं. दफन झालं होतं, पण थडग्यावर नाव नव्हतं. मग मित्रांनी आणि वाचकांनी ऑनलाइन वर्गणी काढली आणि दगड बसवला.