संयुक्त मूलके : युरियापासून विहिरीपर्यंत

दोन वा अधिक अणू बंधांनी जोडले जाऊन जो प्रभाररहित समूह तयार होतो, त्यास रेणू म्हणतात. अशा समूहावर धन किंवा ऋण प्रभार असल्यास तो बहुअणू आयन होय. शालेय पाठ्यपुस्तकांत त्यास ‘संयुक्त मूलक’ ही संज्ञा आहे. हा प्रभार एखाद्या अणूचा नसून संपूर्ण समूहाचा असतो. एक नायट्रोजन व चार हायड्रोजन यांचे अमोनिअम मूलक धनप्रभारित असते. एक नायट्रोजन व तीन ऑक्सिजन यांचे नायट्रेट मूलक ऋणप्रभारित असते.

प्रभाराच्या या भेदाचे महत्त्व शेतात प्रत्ययास येते. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ परिसरात कापूस हे प्रमुख पीक आहे आणि त्यास युरिया दिला जातो. युरिया हा आठ अणूंचा रेणू असून त्याच्या वजनात सुमारे ४६ टक्के नायट्रोजन असतो. मातीतील विकरांमुळे त्यापासून प्रथम अमोनिअम बनते. पुढे जिवाणू त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पीक दोन्ही रूपे शोषून घेते. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण ऋणप्रभारित असल्याने अमोनिअमला धरून ठेवतात, नायट्रेटला मात्र नाही. पिकाने न घेतलेले नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपते आणि भूजलात मिसळते. मलमूत्र व शेणखतातील नायट्रोजनही याच मार्गाने जातो.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. त्याहून अधिक प्रमाण तान्ह्या बाळांना, विशेषतः सहा महिन्यांखालील, धोकादायक ठरते. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळाची त्वचा निळसर पडते.

पाणी उकळल्यास बायकार्बोनेट मूलकाचे विघटन होऊन कार्बोनेटचा साका बसतो व पाण्याचा तात्पुरता जडपणा जातो. नायट्रेट मात्र उकळल्याने नष्ट होत नाही. पाण्याची वाफ होत असल्याने उलट त्याचे प्रमाण वाढते. तुरटीनेही ते निघत नाही. त्यास रंग वा वास नसल्याने पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करणे हाच खात्रीचा उपाय होय. जेथे बाळास पावडरचे दूध पाजले जाते, तेथे विहिरीचे वा बोअरचे पाणी वापरण्यापूर्वी ही तपासणी अत्यावश्यक आहे. युरिया एकदम न देता पिकाच्या गरजेनुसार हप्त्यांनी दिल्यास नायट्रेटचा निचरा कमी होतो आणि खताचा खर्चही वाया जात नाही.