१४. व्हायब्रेटरी मिल
कंपनाच्या जोरावर खनिजे दळणारे यंत्र. बॉल मिलमध्ये पिंप फिरते आणि पोलादी गोळे वर चढून मालावर कोसळतात. इथे पिंप फिरत नाही. ते स्प्रिंगांवर बसवलेले असते. एका बाजूला झुकती वजने लावलेला दांडा मिनिटाला साधारण १००० ते १५०० फेरे घेतो आणि पिंपाला काही मिलिमीटर हादरवत राहतो. गोळ्यांनी किंवा सळयांनी पिंप ६० ते ८० टक्के भरलेले असल्याने आघात लहान पण असंख्य होतात आणि माल लवकर बारीक होतो. जर्मन बनावटीच्या ‘पाल्ला’ मिलमध्ये अशी दोन पिंपे एकावर एक असतात. सिरॅमिकच्या कच्च्या मालासाठी हे यंत्र उत्तम. त्याची खरी मर्यादा आकाराची: पिंप वाढवले की हादरणारे वजन वाढते, आणि तो ताण बेअरिंगांना सोसत नाही.